कणगी तोंडापर्यंत

नळदुर्गात पहाटे पळणारी माणसं दोनच जातीची, असं लोक म्हणतात: पोलीस भरतीची पोरं आणि डोकं फिरलेली. राजेश्वरीच्या क्लबात दोन्ही होती. रणधीरदादा भरतीवाला. मैदानावर तो दरवर्षी सगळ्यांच्या पुढं आणि लेखी परीक्षेत दरवर्षी सगळ्यांच्या मागं, मग परत हायवेवरच्या वडिलांच्या ढाब्यावर तंदूर पेटवायला हजर. रजियाआपा म्हणजे रजियाबी, उपकेंद्रातल्या नर्सबाई. शुगर कमी व्हावी म्हणून पळायला लागल्या आणि शुगर कमी झाली तरी थांबल्या नाहीत. श्रीमंतमामा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते स्वतः पळत नसत. टेम्पो घेऊन मागून येत आणि कोण दमलंय, कोण दमल्याचं नाटक करतंय, ते सांगत.

आणि दोन पोरी, दोघी दहावीतल्या. एक राजेश्वरी, उत्तरेश्वर पाटलांची. दुसरी महादेवी, कोनाळवाडीच्या सिद्धाराम ऊसतोड्याची.

वर्षापूर्वी राजेश्वरी हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते पुढच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. पळायला लागली, छाती उघडली आणि तिच्यातून जो आवाज बाहेर पडला तो काही परत आत जाईना. आता बाई तिला ‘हळू बोल’ म्हणून दटावायच्या आणि तिला त्याचाही आनंद व्हायचा. महादेवीचं उलटं. ती तोंडानं फारसं बोलतच नसे. ती पायानं बोलायची, आणि तिचे पाय बोलायला लागले की रणधीरदादाचीसुद्धा बोलती बंद व्हायची.

अशी ती महादेवी यंदा शाळा सोडून ऊस तोडायला निघाली होती.

दिवाळी जवळ आली की कोनाळवाडी निम्मी रिकामी होते. मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, कोंबड्या, पोरंबाळं सगळं त्यात चढतं आणि गुढीपाडव्यापर्यंत दारांना कुलपं. दोन वर्षांमागं कुणा साहेबाच्या मनात आलं म्हणून त्यानं वाडीत मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. फोटो झाले, संक्रांतीला दाणा संपला आणि साहेब फोन उचलेना. सिद्धारामला कोयता खाली ठेवून कर्नाटकातून पोरीला न्यायला यावं लागलं. तो ते विसरला नव्हता.

त्यामुळं क्लबाची मंडळी जेव्हा त्याच्याकडं गेली आणि म्हणाली की वाडीतल्या सोसायटीच्या जुन्या गोदामात आपण मुलं ठेवू, वाडीतल्याच कोंडाबाई रांधतील, रजियाआपा रोज चक्कर मारतील, तेव्हा तो रागावला नाही की हसलाही नाही. गोदामाच्या कोपऱ्यात एक जुनी कणगी उभी होती, तुराट्यांची, शेणानं लिंपलेली, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. तिच्यावर त्यानं थाप मारली.

“ही कणगी तोंडापत्तुर भरल्याली मला डोळ्यानं दिसली पायजे. ट्रक हलायच्या आत. मग पोरगी ठिवतो. माझीच न्हाय, समद्यांची ठिवायला मीच सांगतो.”

“आणि थोडी कमी भरली तर, काका?” राजेश्वरीनं विचारलं.

“तर पोरगी ट्रकात. निम्म्या कणगीवर म्या एकदा इस्वास ठिवलाय, बाई.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मोठ्या शहरात असल्या कामासाठी मॅरेथॉन काढतात, टी-शर्ट देतात, पाहुणा आणतात. रणधीरदादा म्हणाला, आपल्याकडं पाहुण्याला बसवायला खुर्चीबी न्हाय. आपण आपली रिले काढू. तुळजापूरहून निघायचं, कोनाळवाडीला पोचायचं, चौघांनी टप्पे वाटून घ्यायचे आणि वाटेतल्या गावांनी मागच्या टेम्पोत जोंधळा टाकायचा. हातात द्यायला दांडकं हवं, तर महादेवीनं उसाचं एक कांडं आणून दिलं. म्हणाली, “घरात दुसरं काय असतंय?”

गावोगावच्या ग्रुपवर मेसेज लिहायचं काम राजेश्वरीनं हट्टानं मागून घेतलं.

“रिले म्हणलं तर कुणाला कळंल?” श्रीमंतमामा म्हणाले. “मानसांना उमजंल असं लिव्ह.”

तिनं डोकं खाजवलं आणि एकदम सापडलं. नवरात्रात गावोगावची पोरं तुळजापूरहून देवीची पेटती ज्योत घेऊन पळत गावाकडं येतात, ह्याच्या हातातून त्याच्या हातात, कुठं खाली न टेकवता. ही रिले नाही तर काय? तिनं लिहिलं: ‘मंगळवारी सकाळी आमचा क्लब तुळजापूरहून ज्योतीसारखाच पळत आपल्या गावावरून जाणार आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हे काम आहे. ज्योतीला देता तसं सढळ हातानं द्या.’ परत परत वाचलं आणि दरवेळी ते तिला जास्तच आवडलं. पाठवलं. लगेच हात जोडलेली चित्रं आली, ‘आई राजा उदो उदो’ आलं. राजेश्वरीला वाटलं, झालं, कणगी भरली.

*

मंगळवारी उजाडता उजाडता तुळजापूरची शेवटची दुकानं मागं टाकून रणधीरदादा सुटला. टेम्पोत पुढं श्रीमंतमामा आणि रजियाआपा, मागं हौद्यात राजेश्वरी, महादेवी आणि क्लबानं आपापल्या घरून आणलेली थोडी पोती. त्यात एक मोठं पोतं उत्तरेश्वर पाटलांचं होतं. देताना ते म्हणाले होते, “आपलं देणारं घर हाय. पहिलं पोतं आपलं.”

ट्रक दुपारी हलणार होता. हिशोब सोपा होता: पळायचं, पोती घ्यायची, थांबायचं नाही.

बोरखेड्याच्या फाट्यावर निम्मं गाव उभं. हलगी वाजत होती. राजेश्वरीनं हौद्यात उभं राहून हात हलवले. बायका पुढं आल्या, रणधीरच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. तो बिचारा एका जागी पाय नाचवत उभा, कारण थांबलं की पोटऱ्या धरतात. मग बायकांनी टेम्पोत सामान टाकलं.

तेलाच्या बाटल्या. तेलाचे डबे. नारळ.

“तेल बी लागतंयच की,” राजेश्वरी म्हणाली, पण जरा हळू म्हणाली.

“जोंधळा कुठंय?” महादेवीनं विचारलं.

“म्होरल्या गावात असंल.”

तिथून रजियाआपांनी उसाचं कांडं घेतलं आणि त्या सुटल्या, सलवार-कुर्ता, बूट, कमरेला घट्ट आवळलेली हिरवी ओढणी. आपांचं पळणं बघण्यासारखं. वेग असा काही नाही, पण एकदा सुरू झाल्या की गिरणीच्या पट्ट्यासारख्या, थांबायचं नावच नाही.

लिंबाळवाडीच्या वेशीत तर मांडव होता. माणसं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि ते काहीतरी सगळं चकाकणारं, पिवळं, बाटलीतलं. एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिनं आपांच्या हाताकडं बघितलं, मागं बघितलं, टेम्पोत बघितलं.

“ज्योत कुठाय गं माय?”

“ज्योत न्हाय, खाला. हे असं हाय,” आपांनी कांडं वर धरलं.

“इझली व्हय? ऱ्हाऊ दे. आमचं तेल तर घ्या.” आणि म्हातारीनं भक्तिभावानं अख्खी वाटी त्या उसाच्या कांड्यावर ओतली. आपांच्या कोपरापर्यंत तेलाचे ओघळ आले.

तेव्हा राजेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, ज्योतीशिवायच. ज्योतीला लोक काय देतात? तेल देतात. तिच्या स्वतःच्या घरातून दर नवरात्रात तेलाचा डबा जातो आणि तो डबा उचलून दारापर्यंत न्यायचं काम तिचंच असतं. ‘ज्योतीला देता तसं द्या.’ लोकांनी तिचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. चूक असली तर ती एका माणसाची होती आणि ते माणूस टेम्पोच्या हौद्यात, तेलाच्या डब्यांच्या मधोमध उभं होतं.

“म्या लिहिलं तसंच झालंय सगळं,” ती म्हणाली. हे म्हणताना तिचा जुना, पुढच्या बाकालाही न जाणारा आवाज निघाला.

श्रीमंतमामांनी मागं वळून डब्यांची रास बघितली. “आता टेम्पो पलटी झाला तर सडकंवर भजी तळाय येतील.”

“पीठ कुठलं आणायचं भज्याला?” रणधीरदादा म्हणाला. त्यानं पुढच्या मानेवस्तीच्या सरपंचाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. “उचलंना. ते बी तेल घिऊन रोडवरच उभं असणार.”

रजियाआपा हात पुसत होत्या. “नक्को गं रडू. रडायला टाइम न्हाय आपल्याकडं.”

“रडत न्हाय, आपा. इचार करतीय.”

महादेवी हौद्याच्या कडेला बसून होती. ती एवढंच म्हणाली, “न्हाय भरली तर म्या जाईन. तुमी उगी मनाला लावून घिऊ नका.” हे तिनं इतकं साधं म्हटलं, जसं कुणी म्हणावं की बस चुकली तर पुढच्या बसनं जाईन. आणि त्यानंच राजेश्वरीच्या अंगात काहीतरी पेटलं. ती हौद्यातून खाली उडी मारून उतरली.

“आज मंगळवार हाय,” ती म्हणाली. “देवीचा वार. मंगळवारी देवीच्या नावानं काय मागत्यात?”

“जोगवा,” श्रीमंतमामा म्हणाले.

“आणि जोगव्यात काय घालत्यात?”

मामांनी टेम्पोचं इंजिन बंद केलं. “दाणं. पीठ. पण जोगवा मागणार कोण?”

“मी.”

“पाटलाच्या पोरीनं?”

“पाटलाच्या पोरीनं मेसेज लिहिला तसा पाटलाच्या पोरीनंच जोगवा मागायचा. आपा, ओढणी द्या. माझ्या ट्रॅकपँटीला पदर न्हाय.”

आपांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि कमरेची हिरवी ओढणी सोडून तिच्या गळ्यात अडकवली, दोन टोकं तिच्या दोन हातांत. “माझी ओढणी देवीला चालंल ना गं?”

“जोंधळ्याला चालती ना? मग चालंल.”

रणधीरदादानं एकाची मोटरसायकल मागून घेतली. “मी बोरखेड्याला मागं जातो. तेल दिलंय त्यांनी, आता दाणं मागतो. लाज वाटंल थोडी, पण भरतीत नापास व्हऊन व्हऊन मला सवय हाय.” आणि तो गेला.

राजेश्वरी मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हलगीवाला थांबला. दोन्ही हातांनी ओढणी पसरली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला जोगव्याचं एकही गाणं पाठ नाही. तेव्हा ती नुसतीच बोलली, पण बोलली ती वेशीबाहेरच्या म्हशींनीही माना वळवाव्यात अशी.

“अंबाबाईचा जोगवा वाढा, माय. तेल पुष्कळ झालं. आता दाणं वाढा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. तीच काठीवाली म्हातारी जवळ आली. “कुणाची गं तू?”

“नळदुर्गच्या उत्तरेश्वर पाटलांची.”

“आगं बया. खाऊन पिऊन सुखी घर तुमचं. तुला कशाचा जोगवा? नवस हाय का?”

“व्हय, आजी. एक कणगी भरायचा नवस हाय. ती तिकडं बसली का, ती माझी मैत्रीण. आज दुपारी तिला ट्रकात घालून उसाला नेणार हायत. तिच्याबरोबर वाडीतली सगळी पोरं. कणगी भरली तर ऱ्हात्यात, न्हाय भरली तर जात्यात. ज्योतीचं म्या चुकून लिहिलं. चूक माझी हाय. पोरांची न्हाय.”

म्हातारी महादेवीकडं बघत राहिली. महादेवीनं मान खाली घातली. मग म्हातारी वळली आणि तिच्या घराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, “बघती काय? सूप भरून आण.”

पहिलं सूप ओढणीत पडलं तेव्हा राजेश्वरीचे हात खाली आले, एवढं वजन. ती टेम्पोपर्यंत पळत गेली, आपांनी पोतं उघडून धरलं, ओढणी रिकामी करून परत पळत आली. दुसरं सूप. तिसरं घमेलं. एकानं पाटी आणली, एकानं अर्धं पोतंच खांद्यावर घालून आणलं आणि म्हणाला, “ओढणीत कशाला, थेट टेम्पोत घे की.” हलगीवाल्यानं परत हलगी धरली. तेलाचं काय करायचं असं एका बाईनं विचारलं, तर आपा म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, भाकरीबरोबर भाजी बी खातील ना पोरं.”

*

लिंबाळवाडी सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. आता टप्पा राजेश्वरीचा. तेलकट कांडं हातातून निसटत होतं म्हणून तिनं ते ओढणीच्या टोकात गुंडाळून धरलं होतं. हायवेच्या ट्रकांचा वारा अंगावर यायचा आणि प्रत्येक वेळी ओढणी झेंड्यासारखी उडायची.

मागून एक मोटरसायकल आली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागली. तिला आवाजावरूनच कळलं कुणाची ते. लिंबाळवाडीहून नळदुर्गला फोन पोचायला वेळ किती लागतो.

“राजे, टेम्पोत बस,” उत्तरेश्वर पाटील म्हणाले.

“टप्पा हाय माझा, आण्णा.”

“जोगवा मागितलास म्हणं तू. भर रस्त्यात.”

“व्हय.”

“तुझी आज्जीबी मागायची. मंगळवारी. पाच घरी, नेमाचा, चिमूटभर. पोती भरून टेम्पोत घालायला त्यो काय खळ्यावरचा माल हाय का?”

राजेश्वरीला दोन्ही कामं एकदम करायची होती, पळणं आणि बोलणं, आणि दोन्हीला श्वास एकच होता. “पाच घरात... कणगी... भरत न्हाय, आण्णा.”

“म्या पोतं दिलं होतं की. अजून दोन मागितली असतीस तर ती बी दिली असती. कुणाम्होरं हात पसरायची आपल्याला गरज काय?”

“आपल्याला... न्हाय गरज.” ती चार पावलं नुसती पळाली. “तुमच्या तीन पोत्यानं... ती तुमची कणगी झाली असती. सिद्धारामकाकाला... एका साहेबाची कणगी... एकदा भोवलीय. गावोगावचं असंल... तर एकानं फोन न्हाय उचलला... तरी दुसरा उचलंल.”

हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. पळता पळता तोंडातून निघालं आणि निघाल्यावर तिलाच पटलं.

मोटरसायकल थोडी पुढं गेली. तिला वाटलं, गेले. मग मोटरसायकल हळू झाली, राजेश्वरीला पुढं जाऊ दिलं आणि तिच्या उजव्या अंगाला मागं मागं यायला लागली, इंडिकेटर लुकलुकत. त्यानंतर ट्रकांचा वारा अंगावर आला नाही, कारण ट्रकांना आता पाटलाच्या मोटरसायकलला वळसा घालून जावं लागत होतं. मानेवस्तीत ती ओढणी पसरून उभी राहिली तेव्हा पाटील फाट्यावरच थांबले, तिकडं पाठ करून, बिडी ओढत. पण निघताना परत मागं होतेच.

मानेवस्तीला खरं तर तिचा टप्पा संपत होता. इथून कांडं महादेवीचं. महादेवी बुटांच्या नाड्या बांधून रस्त्यावर उभी होती. राजेश्वरीनं कांडं दिलं, वाकून गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाली, “ओढणी बी घे. म्होरं दोन वस्त्या हायत.”

महादेवी जागची हलली नाही. “म्या पळंन. मागणार न्हाय.”

“अगं का?”

“तू माझ्यासाठी मागतीस. म्या माझ्यासाठी मागितलं तर ती भीक झाली.”

रजियाआपा म्हणाल्या, ओढणी घेऊन मी पळते हिच्याबरोबर. पण आपांच्या एका पायाचा अंगठा बुटात रक्ताळला होता आणि त्या तो लपवत होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. राजेश्वरीनं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. एवढं अंतर ती आयुष्यात कधी पळाली नव्हती, आणि अजून तेवढंच बाकी होतं.

“पळ,” ती महादेवीला म्हणाली. “तू कांडं धर, मी ओढणी धरते. पण जरा माझ्या बेतानं पळ.”

महादेवी कुणाच्या बेतानं पळायची मुलगी नव्हे. त्या दिवशी पळाली. राजेश्वरी मागं पडली की ती नुसती मान वळवायची आणि पाय आखूड टाकायची. पहिल्या वस्तीवर चारच घरं होती, चारांनी मिळून एक पोतं दिलं. दुसऱ्या वस्तीवर सगळी माणसं सोयाबीनच्या राशीवर होती. राजेश्वरी थेट खळ्यावर गेली. तिचा आवाज बसला होता. नुसती ओढणी पसरून उभी राहिली, तरी जोंधळ्याचा एक डबा आणि दोन पाट्या पडल्या. त्यापुढच्या वाटेवर ती पळत होती की चालत होती, हे तिला नंतर नीट सांगता येईना. पुढं महादेवीची वेणी हलताना दिसत होती, तेवढं तिनं धरून ठेवलं.

*

कोनाळवाडीत ट्रक आधीच भरून उभा होता. वर गादडी, भांडी, कोयत्यांचे भारे, ज्याच्या त्याच्या दाण्याची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि खुराड्यांच्या वर बसलेली माणसं. मुकादम ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहून हॉर्न वाजवायला लावत होता. सिद्धाराम गोदामाच्या दारात बसला होता. त्याच्या शेजारी महादेवीचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

“आले बाबा तुमचे पळपुटे,” मुकादम म्हणाला. “बघा लौकर. मला रात्रीच्या आत बॉर्डर गाठायचीय.”

टेम्पो मागं लावला. श्रीमंतमामा, कोंडाबाई, वाडीतली पोरं, सगळ्यांनी पोती ओढली. शिडीवर चढून कोंडाबाई एकेक पोतं कणगीत रिकामं करत होत्या. जोंधळ्याचा आवाज आत घुमायचा, सुरुवातीला खोल, मग हळूहळू वर वर येणारा. रणधीरदादा बोरखेड्याहून मोटरसायकलच्या मागं दोन पोती बांधून आला. लोकांनी तेल परत मागितलं नव्हतं. म्हणाले होते, देवीला दिलेलं परत घेत नसतात, हे दाणे वेगळे.

ती दोन्ही पोतीही गेली. मग टेम्पोच्या हौद्यात झाडून घेतलेले दाणे गेले. मग ओढणी झटकली.

“झालं,” कोंडाबाई शिडीवरून म्हणाल्या.

सिद्धाराम उठला. शिडीवर चढला. कणगीत हात घातला आणि हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा कुठं दाण्याला लागला.

राजेश्वरीच्या मनात आलं, आता म्हणावं, काका, एवढ्यासाठी कशाला, उद्या भरू, परवा भरू. पण ‘निम्म्यावर इस्वास’ तिनं स्वतः ऐकलं होतं, आणि उद्या भरू असं त्या साहेबानंही म्हटलं असणार. ती बापाकडं बघणार होती, पाटील दारातच उभे होते. तिनं बघितलं नाही. महादेवीनं वाकून गाठोडं उचललं.

सिद्धाराम शिडीवरून उतरला. महादेवीच्या हातातलं गाठोडं घेतलं, खाली ठेवलं आणि बाहेर गेला. सगळे त्याच्या मागं. तो ट्रकाच्या चाकावर पाय देऊन वर चढला, गादड्या बाजूला केल्या आणि आपल्या घरचं, हंगामभराच्या दाण्याचं पोतं खाली ढकललं. बायकोला हाक मारली, “सिद्धम्मा, उतर खाली.”

मुकादम वैतागला. “आता काय बाजार मांडला, सिद्धाराम?”

“हिच्या वाटणीचं ह्याच्यात हाय,” सिद्धाराम म्हणाला. “पोरगी हितं जेवणार तर तिचं दाणं तिकडं कशाला न्यायचं?”

सिद्धम्मा खाली उतरली. तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि कुठलंही माप न घेता ओंजळीनं महादेवीचा हिस्सा पाटीत काढायला लागली. मध्ये थांबली, महादेवीकडं बघितलं, अजून दोन ओंजळी टाकल्या. “वाढती हाय,” एवढंच म्हणाली.

ट्रकावरची माणसं बघत होती. मग वरून अजून एक पोतं खाली आलं. मग अजून एक. ज्याची ज्याची पोरं राहणार होती तो तो उतरला. मुकादम हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी स्वतःच एका म्हातारीचं पोतं उतरवायला लागला, कारण तेवढ्यानं तरी लवकर उरकेल.

कणगी भरली. तोंडापर्यंत भरली, वर शीग आली, दोन-चार दाणे घरंगळून खाली आले. सिद्धाराम शिडीवर चढला, शिगेवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. उतरल्यावर राजेश्वरीसमोर येऊन उभा राहिला.

“संक्रांतीला म्या फोन करून इचारीन,” तो म्हणाला. “दाणं कुठवर आलं ते.”

“करा,” राजेश्वरी म्हणाली. आवाज घोगरा होता पण पक्का होता. “रोज केला तरी उचलंन, काका.”

ट्रक हलला. सिद्धम्मा मागच्या फळीशी बसली होती. महादेवी ट्रकाच्या मागं पळाली नाही. आज तिचं पळून झालं होतं. ती गोदामाच्या पायरीवर उभी राहिली आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत हात वर धरून ठेवला. मग खाली घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. राजेश्वरी तिच्या शेजारी पायरीवर बसली ती बसलीच, कारण आता पाय तिचं ऐकत नव्हते. उत्तरेश्वर पाटलांनी मोटरसायकल सुरू केली. “चल. घरी गेल्यावर बोलायचंय मला तुझ्याशी.”

“व्हा तुम्ही म्होरं, आण्णा. अजून उरकलं न्हाय.”

पाटलांनी मोटरसायकल बंद केली आणि तिथंच बसून राहिले.

आतून कोंडाबाईंचा आवाज आला. “भरली भरली म्हणून आरती ववाळत बसता काय कणगीला? सांच्याला एवढी पोरं जेवणार, पीठ कुठाय?” आणि त्यांनी शिडीवर चढून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या शिगेत पातेलं खुपसलं. तोंडापर्यंत भरलेली कणगी तोंडापर्यंत राहिली ती जेमतेम घटकाभर.

राजेश्वरीला क्षणभर वाईट वाटलं. मग तिनं महादेवीच्या खांद्याचा आधार घेतला, उठली, दाण्याचा डबा काखेत मारला आणि दोघी गिरणीकडं निघाल्या, लंगडत लंगडत, पण निघाल्या.